थर्मासमधला काढा

डोंगरातल्या कारा-ताल गावात बुबुसाराला सगळे डाक्तरीणबाई म्हणायचे. ती काही डॉक्टर नव्हती. नारिन शहरात तीन वर्षं शिकून आलेली, सुई टोचणारी, बाळंतपणं करणारी, रक्तदाब बघणारी गावची आरोग्यसेविका होती. पण खिंडीपलीकडचं तालुक्याचं इस्पितळ गाठायला बर्फाच्या दिवसांत सकाळची संध्याकाळ व्हायची, म्हणून गावाच्या लेखी डॉक्टर तीच.

तिचा हात हलका होता. पोरं रडायच्या आत सुई बाहेर आलेली असायची. तोंड मात्र तिखट. दवाखान्यात आलेल्या म्हाताऱ्यांना ती पोरांसारखं फैलावर घ्यायची, आणि म्हातारे टोपी मांडीवर ठेवून निमूट ऐकून घ्यायचे. कारण ही बाई वादळात घोड्यावर बसून वरच्या गोठ्यांपर्यंत जाते, हे त्यांनी पाहिलेलं होतं.

झाडपाल्यावर तिचा राग होता, आणि तो उगाच नव्हता. नोकरीला लागून थोडेच महिने झाले असतील, तेव्हा जुलाबानं सुकून गेलेलं एक तान्हं मूल तिच्याकडे आणलं. आधी कुणीतरी त्याची बसलेली टाळू 'वर उचलली' होती, मग धुरी दिली होती, मग कसलासा पाला उकळून पाजला होता. मूल बुबुसाराच्या मांडीवरच गेलं. वेळेवर मीठ-साखरेचं पाणी पाजलं असतं तर जगलं असतं, एवढीच ती गोष्ट होती. तेव्हापासून धुरी, पाला, नाडी बघणं, मेंढीच्या ताज्या कातड्यात गुंडाळणं, हे सगळं तिनं एकाच गाठोड्यात बांधून टाकलं.

गावात झाडपाला द्यायची ती सोनुन-आपा. ओढ्याच्या वरच्या अंगाला एकटी राहणारी म्हातारी. उन्हाळी कुरणांवरून फुलं-मुळ्या गोळा करून आणायची, सावलीत वाळवायची, मागेल त्याला द्यायची. त्या तान्ह्या मुलाशी तिचा काही संबंध नव्हता, ते दुसऱ्याच कुणाचं काम होतं. पण रागाला कुठंतरी जागा लागते.

एका घरी नुकत्याच चालायला लागलेल्या नातवाच्या पायातली दोरी कापायचा समारंभ होता. अंगणभर बाया, तळणीत बोरसोक, पिठाचे तुकडे, फुगत होते. सोनुन-आपा पिशवी घेऊन आली आणि यजमानीण बाईच्या हातात काहीतरी पुडकं ठेवायला लागली. बुबुसारा उठली, म्हातारीच्या हातातली अख्खी पिशवीच काढून घेतली आणि अंगणाच्या कडेनं वाहणाऱ्या पाटात उलटी केली.

"मेंढ्यांना घाला हे," ती म्हणाली. "त्यांना निदान बोलता येत नाही, म्हणजे मेल्या तरी तक्रार करणार नाहीत."

काही जणी हसल्या. सोनुन-आपा हसली नाही, रागावलीही नाही. वाहत चाललेल्या पिवळ्या-पांढऱ्या फुलांकडे तिनं क्षणभर पाहिलं, डोक्यावरचा रुमाल नीट बांधला आणि न जेवताच गेली.

त्यानंतर गाव सुधारलं. निदान बुबुसाराला तसं वाटलं. कुणालाही विचारलं, "काही पाला-बिला घेत नाही ना?" की उत्तर ठरलेलं, "छे छे, डाक्तरीणबाई, कसला पाला." तालुक्याच्या बैठकीत ती उभी राहून सांगायची, की आमच्या गावातून ही खुळं हद्दपार झालीत. इतर गावच्या आरोग्यसेविका तिच्याकडे बघत राहायच्या.

टोलोमुश हा घोडे पाळणारा माणूस. साठी ओलांडलेला, अंगानं दणकट, स्वभावानं थट्टेखोर. त्याच्या हृदयाची झडप खराब झाली, राजधानीत नेऊन बदलावी लागली. नवी झडप लोखंडाची आहे असं तो सगळ्यांना सांगायचा. "आता मेलो तरी हृदय गंजेपर्यंत चालत राहील," म्हणायचा. ती झडप नीट चालावी, तिच्यावर रक्ताची गुठळी धरू नये, म्हणून त्याला जन्मभर रक्त पातळ ठेवणारी गोळी होती. गोळी कमी पडली तर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव. म्हणून दर महिन्याला तालुक्याला जाऊन रक्त तपासायचं, आणि हे करवून घ्यायचं काम बुबुसाराचं.

त्या वर्षी टोलोमुश उन्हाळाभर वर कुरणावर राहिला आणि तपासणी चुकवली. खाली उतरल्यावर बुबुसारा स्वतः त्याच्या घरी गेली. दारातून आत पाऊल टाकलं आणि तिला वास आला. उन्हात कापून टाकलेल्या गवताचा, पण त्याहून गोड, जरा मधासारखा. हा वास तिला लहानपणापासून ठाऊक होता. कश्का-बेदे. रस्त्याच्या कडेला वाढणारं, पिवळ्या झुपकेदार फुलांचं गवत. तिची आजी पाय सुजले की ते उकळून प्यायची. आणि बुबुसाराला हेही ठाऊक होतं, शिकताना एका म्हाताऱ्या बाईंनी मुद्दाम सांगितलं होतं, की हे गवत स्वतःच रक्त पातळ करतं.

टोलोमुशची बायको शारकान चुलीपाशी होती. बुबुसारा दिसताच तिनं एक थर्मास उचलून गोधड्यांच्या चळतीमागे सारला. अगदी सहज, जसं कुणी वाटेतली चप्पल बाजूला सारावी.

बुबुसारानं ते पाहिलं.

"टोलोमुश-बाइके, काही पाला-बिला घेत नाही ना तुम्ही?" थोरल्या भावाला म्हणावं तसं बाइके म्हणत तिनं विचारलं. ज्या सुरात विचारलं, त्या सुराला 'नाही' हे एकच उत्तर होतं.

"छे," तो म्हणाला आणि बायकोकडे बघितलं. "मी काय घोडा आहे गवत खायला?"

त्याच्या मनगटाच्या वर मोठा निळा-जांभळा डाग होता. हे काय, म्हणून विचारलं तर लगामाचा हिसका बसला म्हणाला. ती बरं म्हणाली. येत्या आठवड्यात तपासणीला जा, नाहीतर माझ्याशी गाठ आहे, असं दटावून साधा चहा पिऊन ती बाहेर पडली.

वाटेत ती थांबली होती. परत जावं, थर्मास बाहेर काढावा, असं तिच्या मनात आलं. पण तसं केलं असतं तर मान्य करावं लागलं असतं, की तिच्या गावात सगळे पितात आणि सगळे तिच्याशी खोटं बोलतात. आठवडाभरात तपासणी होईलच, त्यात काय ते दिसेल, असं तिनं स्वतःला सांगितलं आणि पुढच्या घरी गेली.

तपासणीची वेळ आलीच नाही. एका सकाळी टोलोमुश घोड्यावरून उतरला आणि उतरल्या जागी बसला. जांघेत कळ, पाय उचलेना, तोंड पिठासारखं पांढरं. शेजाऱ्याच्या गाडीत मागे आडवं घालून त्याला खिंडीपलीकडे नेलं. बुबुसारा सोबत होती. सगळ्या वाटेवर ती त्याचा हात धरून नाडी बघत होती आणि तिच्या नाकात तो गोड वास होता. गाडीत तो नव्हता, तरी होता.

इस्पितळात डॉक्टर मेदेर होते, चाळिशीचे, शांत माणूस. पोटाच्या मागच्या स्नायूत रक्त साठलंय, ते पायाच्या मज्जातंतूवर दाबतंय, असं त्यांनी सांगितलं. रक्त तर जवळजवळ गोठतच नव्हतं.

"गोळ्या जास्त घेतल्या का?" त्यांनी विचारलं.

"मोजून देते मी," शारकान म्हणाली.

"दुसरं काही? कसला काढा, मुळी, गावठी औषध?"

शारकाननं बुबुसाराकडे पाहिलं. डॉक्टरांनीही पाहिलं.

"नाही," बुबुसारा म्हणाली. "आमच्या गावात कुणी घेत नाही."

शब्द तोंडातून गेले आणि तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. पण शब्द गेलेच.

डॉक्टरांनी उतारा दिला, रक्त चढवलं. रक्त गोठायला लागलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा बिघडलं. डॉक्टर बुचकळ्यात पडले. यकृत तपासू म्हणाले, राजधानीला फोन करू म्हणाले. बुबुसारा घरी गेली नव्हती, इस्पितळातल्याच एका ओळखीच्या बाईकडे राहिली होती. सकाळी ती वॉर्डाकडे आली, तर दाराबाहेरच्या बाकावर शारकान बसलेली. मांडीवर लोकरीच्या बंडीत गुंडाळलेला थर्मास. टोपण उघडून ती वाटीत ओतत होती.

पुन्हा तोच वास.

"शारकान-एजे, हे इथंही पाजताय?"

शारकान दचकली, थोडं बंडीवर सांडलं. "ताकद येते त्यानं," ती म्हणाली. "पायाची सूज उतरली होती ना उन्हाळ्यात. मला वाटलं, गोळीनं बाधलं, तर हे तरी तारेल."

"मला आधी सांगायचं नाही?"

"तुला?" शारकाननं मान वर केली. तिच्या आवाजात राग नव्हता, आश्चर्य होतं. "तू पाटात ओतलं असतंस. सगळ्यांसमोर."

बुबुसारा तडक डॉक्टरांच्या खोलीत गेली. काढ्याचं नाव सांगितलं. मेदेर उठून उभे राहिले.

"कधी कळलं तुम्हाला, बुबुसारा-एजे?"

"आत्ताच," ती म्हणाली.

ते एवढे शांत डॉक्टर, पण तेही माणूसच. घाबरलेही होते. वॉर्डाच्या दारात, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, ते शारकानला बोलले. नवऱ्याला हातानं मारत होतात, म्हणाले. मी सरळ विचारलं होतं, तेव्हा तोंड का शिवलं होतं, म्हणाले. शारकान उभी राहून ऐकत होती. रुमालाचं टोक दातात धरलेलं, थर्मास पोटाशी. फरशी पुसणारी बाई पुसायची थांबली होती. बुबुसारा दोन हातांवर होती. एक वाक्य पुरलं असतं. तिनं खिडकीबाहेर पाहिलं. अंगणात कुणाचातरी घोडा खुंटाला बांधलेला होता. त्याच्या पाठीवर घातलेली झूल एका बाजूला घसरली होती. डॉक्टरांचं बोलणं संपेपर्यंत ती त्या झुलेकडे बघत होती.

काढा थांबला, रक्त ताळ्यावर आलं. टोलोमुश वाचला. पण मज्जातंतू फार वेळ दबला होता. डावा गुडघा धरेना. उभा राहिला की पाय जीर्ण दोरीसारखा दुमडायचा. थोडा सुधारेल, डॉक्टर म्हणाले, पूर्वीसारखा होईल असं वाटत नाही.

घरी सोडायची वेळ जवळ आली तेव्हा मेदेरनी बुबुसाराला बोलावलं.

"त्या दिवशी बोललो ते चुकलंच माझं," ते म्हणाले. "त्यांची माफी मागितली मी. पण नुसतं 'हे पिऊ नका' म्हणून सोडलं, तर हे लोक घरी जाऊन दुसरं काहीतरी पितील, आणि आपल्याला पुन्हा कळणार नाही. कुणी दिलं हे?"

"आमच्याकडे एक म्हातारी आहे."

"त्यांना इथं आणा. सगळे एकत्र बसून ठरवू. गोळी कशी, पायाचा व्यायाम कसा, त्यांचं काय चालेल, काय नाही. रागावायला नाही बोलवत, असं सांगा त्यांना."

"मी सांगून ती येईल का, माहीत नाही," बुबुसारा म्हणाली.

"का?"

बुबुसारा दाराकडे वळली.

सोनुन-आपाच्या अंगणात छपराखाली दोऱ्यांवर जुड्या टांगलेल्या होत्या. कश्का-बेदेची एकही नव्हती. म्हातारीनं 'ये' म्हटलं, दस्तरखान पसरला, रोटी मोडून पुढे ठेवली, सायीची वाटी सरकवली. आलेल्या माणसापुढे रोटी मोडायची, मग तो कोणीही असो. बुबुसारानं तुकडा उचलला आणि हातातच धरून बसली.

"कसाय तो?" सोनुन-आपानं विचारलं.

"जगला. पाय गेल्यात जमा आहे."

म्हातारीनं डोळे मिटले. तिची बोटं दस्तरखानावरचे चुरे गोळा करत राहिली. "सगळं जाळलं मी ते," ती म्हणाली. "तीस-चाळीस वर्षं दिलं असेल लोकांना. कुणाला काही झालं नाही. कशावरून, म्हणा. झालं असेल आणि मला कळलं नसेल."

"तुम्हाला ठाऊक होतं का, तो गोळी घेतो ते?"

"गोळी घेतो एवढं माहीत होतं. कसली, ते नाही. म्हणून विचारायला आले होते तुझ्याकडे."

"माझ्याकडे? कधी?"

"वसंतात. घोडे वर जायच्या आधी. दवाखान्याच्या दारापर्यंत आले. आत तू कुणालातरी झापत होतीस. मग वाटलं, राहू दे." म्हातारीनं सायीची वाटी पुन्हा पुढे सरकवली. "यायला हवं होतं. चार शब्द ऐकून घेतले असते तर काय झिजले असते मी? पण त्या दिवशी अंगणात त्या बाया हसल्या ना, ते काही केल्या मनातून जात नाही."

बुबुसाराला वाटलं होतं, म्हातारी टोमणे मारेल. तशी तयारी करून ती आली होती. तिनं हातातला तुकडा दस्तरखानावर ठेवला.

"आपा," ती म्हणाली, "मला वास आला होता. त्यांच्या घरी गेले तेव्हाच. थर्मास लपवताना पण पाहिला. आणि डॉक्टरांना म्हटलं, आमच्याकडे कुणी घेत नाही."

सोनुन-आपानं गोळा केलेले चुरे तळहातावर घेतले. "हे मला कशाला सांगतेस?" ती म्हणाली. "शारकानला सांग."

टोलोमुशच्या खाटेभोवती ते सगळे बसले. डॉक्टर मेदेर, स्टुलावर अवघडलेली सोनुन-आपा, पायगती शारकान, आणि भिंतीला टेकून बुबुसारा. मेदेरनी झडपेचं चित्र काढून दाखवलं. गोळी का सोडता येणार नाही, ते समजावलं. मग म्हातारीकडे वळून विचारलं, तुम्ही काय काय देता, कशासाठी देता, ते मला सांगा.

सोनुन-आपानं सांगितलं. मध्येच तिनंही विचारलं, "ह्याला पोटात काही देत नाही मी आता. पण पाय चोळू का? मेंढीच्या शेपटीच्या चरबीनं?"

"आत्ता नको. आत रक्त आहे अजून, ते जिरू दे. एक-दोन महिन्यांनी हलक्या हातानं, दाब न देता. लोकरीच्या गरम नमद्यात गुंडाळलं तर चालेल, चटका बसेल इतकं गरम नको."

"आणि कुमीस?" घोडीच्या आंबवलेल्या दुधाचं टोलोमुशनं विचारलं.

"वाटीभर."

"केवढी वाटी?"

"तुमच्या मनात आहे ती नव्हे."

टोलोमुश हसला. पुष्कळ दिवसांनी हसला. ठरलं असं की गोळी जशी आहे तशी राहील, तपासणी चुकणार नाही, गुडघा रोज बुबुसारा वाकवून-सरळ करून घेईल, नंतरचं चोळणं आणि शेक सोनुन-आपाकडे. सोनुन-आपा कुणालाही नवा पाला देण्याआधी बुबुसाराला दाखवेल, आणि बुबुसाराला शंका आली तर ती मेदेरना फोन करेल. आणि कुणी कुणावर ओरडणार नाही, असं शेवटी मेदेर म्हणाले. ते सगळ्यांकडे बघून म्हणाले, पण बुबुसाराला ते आपल्यालाच वाटलं.

मेदेर उठायला लागले तेव्हा ती म्हणाली, "थांबा, डॉक्टर."

आणि तिनं सांगितलं. वासाचं, थर्मासचं, मनगटावरच्या डागाचं. 'आत्ताच कळलं' असं आपण सांगितलं ते खोटं होतं, हेही.

टोलोमुशनं बायकोकडे बघितलं. सोनुन-आपा आपल्या हातांकडे बघत होती.

"मला ते बोलत होते," शारकान हळू म्हणाली, "नवऱ्याला मारतेस म्हणून. तू तिथंच होतीस."

"हो."

"माझ्या बाजूलाच उभी होतीस."

"हो, एजे."

शारकान उठली. तिनं नवऱ्याचं पांघरूण पायाशी नीट खोचलं, आणि पाठ वळवून बसली.

मेदेरनी बुबुसाराची नोकरी जाऊ दिली नाही. तक्रार करावीशी वाटली तर मी अडवणार नाही, असं त्यांनी शारकानला सांगितलं होतं. शारकाननं तक्रार केली नाही. केली असती तर बुबुसाराला बहुधा बरं वाटलं असतं. तालुक्याच्या पुढच्या बैठकीत मात्र ती स्वतःच उभी राहिली आणि आमच्या गावात पाला घेतात, आणि माझ्यापासून लपवतात, असं म्हणून खाली बसली. चहाच्या वेळी शेजारच्या गावची आरोग्यसेविका तिच्याजवळ येऊन म्हणाली, "आमच्याकडेही," आणि घाईनं निघून गेली.

टोलोमुश काठीवर चालायला लागला. घोड्यावर चढायला कुणालातरी त्याला खालून उचलावं लागतं, आणि ते त्याला आवडत नाही, म्हणून बहुतेक दिवस तो कुंपणाला टेकून घोडे बघत बसतो. बुबुसारा रोज जाते, गुडघा वाकवते, सरळ करते. सोनुन-आपा आठवड्यातून एकदा येते. दोघी एकाच पायाशी बसतात, कामापुरतं बोलतात. कधीकधी म्हातारी दवाखान्यातही येते, एखादी मुळी पिशवीतून काढून विचारते, हे रक्तदाबाच्या गोळीबरोबर चालेल का गं. बुबुसारा पुस्तकात बघते, नाही सापडलं तर माहीत नाही म्हणते. माहीत नाही हे शब्द आधी तिच्या तोंडी नव्हते.

शारकान तिला चहा देते. पण पाहुण्याला द्यावा तसा थोडा थोडा, पुन्हा पुन्हा भरत नाही. एकदाच काठोकाठ ओतते. काठोकाठ चहा म्हणजे पी आणि नीघ. बुबुसारा तो संपवते, आभार मानते, निघते. एकदाही तिनं वाटी परत पुढे केलेली नाही.

दवाखान्यात ती आता वेगळं विचारते. घेता का, असं नाही. "काय काय घेता? घरचं, बाहेरचं, सगळं सांगा." पहिल्यांदा लोक दचकले. मग हळूहळू सांगायला लागले. एक म्हातारा वर्षानुवर्षं कोल्ह्याची चरबी खात होता. जिची तिन्ही बाळंतपणं बुबुसारानं केली होती, ती बाई तिन्ही वेळा तिला चुकवून कसल्यातरी मुळ्या चावत आली होती. शाळेतल्या मास्तरीणबाई आपल्या दम्यावर काय काय करत होत्या, ते ऐकून बुबुसाराची लेखणीच थांबली. सांगताना माणसं तिच्या चेहऱ्याकडे बघतात, ही आता ओरडेल म्हणून खांदे आक्रसून घेतात. ती खाली मान घालून ऐकत राहते. इतकी वर्षं ही सगळी माणसं तिच्यासमोर याच खुर्चीवर बसून, टोपी मांडीवर ठेवून, छे छे म्हणत होती.